रुजवात

दोन्ही कागद शब्दन् शब्द जुळत होते, म्हणून मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. डाव्या कागदावर एक फूटपट्टी, उजव्या कागदावर दुसरी. एक ओळ इकडची वाचायची, एक तिकडची. तिसऱ्या पानापर्यंत आलो आणि पट्ट्या बाजूला ठेवल्या.

“ओगलेबाई, जरा इकडे या. गडबड आहे.”

“कुठं चुकलंय?” त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं.

“कुठंच नाही. सगळं बरोबर आहे.”

“मग गडबड कसली?”

“हीच.”

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात टिळक रस्त्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ओगलेबाईंची भाषांतराची कचेरी होती. कायद्याचे इंग्रजी कागद त्या परदेशी भाषांत करून देत. डच हे त्यांचं खास काम, कारण ते करणारं दुसरं कुणी आम्हाला तरी ठाऊक नव्हतं. त्यांची पद्धत मोठी कडक. मेहेंदळे सर इंग्रजीचं डच करायचे. ते डच मग मृदुला गुर्जर नावाच्या मुलीकडे जायचं. तिनं मूळ इंग्रजी पाहायचं नाही, नुसत्या डचवरून पुन्हा इंग्रजी करायचं. आणि मूळ इंग्रजी नि हे फिरून आलेलं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचं काम माझं. जाताना कुठं अर्थ वाकडा झाला असेल तर तो येताना सापडतो, असा त्यातला हिशेब.

मला स्वतःला डचचं अक्षर येत नव्हतं. मी कोर्टाच्या नक्कल विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस. तिथं प्रत्येक नकलेखाली दोन सह्या असतात, एक ‘नक्कल करणार’ आणि दुसरी ‘रुजवात घेणार’. मी रुजवात घेणार, म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणारा. दुसऱ्याच्या हातून काय सुटलं ते हुडकायचं, एवढंच मला आयुष्यात जमलं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या दिवशी विभागात पेढे वाटले म्हणतात. मला त्यातला एकही मिळाला नाही.

“जुळलं तर चांगलंच की, निमकर,” ओगलेबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं.

“इतकं जुळत नसतं, बाई. शेजारी पाठवलेली वाटी परत येते तेव्हा वाटी तीच असते, पण आतलं बदललेलं असतं. गेल्या पाच वर्षांत एक पान तरी असं आलंय? मुळात ‘कप्तानाच्या पूर्वपरवानगीवाचून’ असेल तर मृदुला ‘कप्तानानं आधी हो म्हटल्याशिवाय’ असं काहीतरी आणते. या वेळी सगळं मुळाबरहुकूम. स्वल्पविरामसुद्धा.”

“तुमचं म्हणणं काय?”

“तिनं मूळ इंग्रजी पाहिलंय. किंवा कुणीतरी तिला सांगितलंय.”

बाईंनी फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. “शुक्रवारी पाच वाजता कुरिअर जायचाय,” त्या म्हणाल्या. “आज बुधवार आहे. मंगळवारी कागद रॉटरडॅमच्या कोर्टात दाखल झाले नाहीत तर त्या बाईचा अर्ज गेला. एवढं लक्षात ठेवून काय तो संशय घ्या.”

ती बाई म्हणजे हर्णैची सुगंधा पावसे. तिचा नवरा मोरेश्वर एका डच मालकाच्या मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. दोन वर्षांपूर्वी रॉटरडॅमच्या बाहेर जहाज नांगरलेलं असताना तो सकाळच्या हजेरीला सापडला नाही. देह मिळाला नाही, कपडे नि पासपोर्ट केबिनमध्येच राहिले. कप्तानानं अहवालात इंग्रजीत तीन शब्द लिहिले, ‘लेफ्ट द व्हेसल’. आणि मुंबईत झालेल्या त्याच्या नोकरीच्या करारात तेच तीन शब्द होते, की जो खलाशी परवानगीवाचून असं करील तो फरारी. आता त्या शब्दांनी माणूस जहाजावरून गेला एवढंच कळतं. शिडीनं उतरून गेला की कठड्यावरून पाण्यात गेला, ते शब्द सांगत नाहीत. मालकाचं म्हणणं, तो पळाला. सुगंधाबाईंचं म्हणणं, तो मेला. कोर्टानं ठरवायचं होतं, आणि कोर्ट वाचणार होतं ते मेहेंदळे सरांचं डच.

म्हणजे सरांनी एक शब्द जरा इकडचा तिकडं केला, तर ती बाई विधवा ठरायची नाहीतर पळपुट्याची बायको.

माझ्या संशयाला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी परुळेकर नावाचा एक गृहस्थ कचेरीत येऊन गेला होता. बोटींवर माणसं पुरवणाऱ्या मुंबईच्या एका एजन्सीचा माणूस, मोरेश्वरला त्यांनीच जहाजावर पाठवलेलं. फार गोड बोलला. डचचं काम कोण करतं, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. मी सांगितलं नाही. पण नंतरच्या सोमवारी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मेहेंदळे सर आणि परुळेकर डेक्कनवरच्या एका हॉटेलात समोरासमोर बसले होते. सरांनी त्याबद्दल कचेरीत चकार शब्द काढला नाही. मी वाट पाहत राहिलो.

आता चित्र माझ्यापुरतं स्वच्छ झालं. सरांनी डचमध्ये ‘पळाला’ असं लिहिलं असणार. ते उलट येताना उघडं पडू नये म्हणून मृदुलेला मूळ इंग्रजी शब्द सांगून ठेवले असणार, आणि पोरीनं गाढवासारखे सगळेच शब्द जसेच्या तसे उतरवले. कुठंतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

त्याच संध्याकाळी मी कोथरूडला मृदुलेकडे गेलो. एकोणतीस-तीस वर्षांची मुलगी. लग्न होऊन हॉलंडला गेली आणि दोन वर्षांत भाषा तेवढी घेऊन परत आली. तिच्या आईनं पोहे पुढ्यात ठेवले. नक्कल विभागात मी एक शिकलो होतो, की सरळ विचारलं तर माणूस सरळ खोटं बोलतो, म्हणून आडून विचारावं.

“या वेळचं काम लवकर झालं तुझं,” मी म्हणालो.

“सोपं गेलं, काका. या वेळी सगळं लख्ख होतं.”

“मेहेंदळे सरांशी काही बोलणं?”

तिचा चमचा थांबला. “कामाचं नाही.”

“म्हणजे बोलणं झालं.”

“एकदा फोन आला होता त्यांचा. माझं खासगी होतं.” तिनं आईकडे पाहिलं आणि आई उठून आत गेली. “तुम्ही का विचारताय?”

“सहज,” मी म्हणालो आणि पोहे संपवले. काम चालू असताना दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हा ओगलेबाईंचा नियम तिला पक्का ठाऊक होता. मला हवं ते मिळालं होतं. घरी जाऊन मी सगळं तारीखवार पाठकोऱ्या कागदावर मांडलं.

गुरुवारी बाराच्या सुमारास सुगंधाबाई स्वतःच कचेरीत आल्या. रात्रभर एसटीत बसून आल्या होत्या. वकिलाकडे प्रतिज्ञापत्रावर सही होती, आणि कराराची मूळ प्रत आम्हाला शिक्के तपासायला दाखवायची होती. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक बाई. खुर्ची दिली तरी कडेवर बसल्या.

“तुमीच वाचता ना हे कागद?” त्यांनी मला विचारलं.

“हो. तपासतो.”

“मंग सांगा. आमचे गेले का पळाले?”

“बाई, ते कागदात नसतं.”

“असं कसं. सगळे म्हणतात कागदात हाय.” त्या रागावलेल्या नव्हत्या. बाजारात भाव विचारावा तसं विचारत होत्या. “सण आला का सासू म्हणते कुंकू लाव, जाऊ म्हणते पूस. गावात म्हणतात त्यानं तिकडं गोरी केली. पोरगी शाळंत जात नाय, पोरं तिला म्हणतात, तुझा बापूस पळाला. दोन वर्सं झाली. मेले असं कुणी लिवून दिलं तर मी रडून तरी घेईन, साहेब. आता रडायची पन चोरी.”

मी मूळ करारावरचे शिक्के तपासले, तीनदा तपासले, कारण वर पाहायचं नव्हतं. मग त्यांना म्हणालो, “शुक्रवारी कागद जातील.” तेवढंच मला म्हणता आलं. त्या गेल्यावर मात्र माझा राग असा काही चढला, की मी सरांना फोन करून लगेच बोलावून घेतलं.

मेहेंदळे सर तेव्हा सदुसष्ट-अडुसष्टचे असतील. उंच, किंचित वाकलेले, अकरा वर्षं हॉलंडमध्ये शिकवून आलेले. लग्न केलेलं नव्हतं. कचेरीत आले की चपला बाहेर काढून जोडीनं लावायचे. त्या दिवशीही लावल्या. ओगलेबाई बसल्या होत्या. मी उभाच राहिलो.

“सर, परुळेकरांना ओळखता?”

“भेटलो एकदा.”

“कशासाठी?”

“त्यांनी बोलावलं होतं. माझं नाव कुठून मिळवलं कोण जाणे. कॉफी पाजली. म्हणाले, अमुक ठिकाणी अमुक शब्द वापरला तर सगळ्यांनाच सोपं जाईल.” सर शांतपणे बोलत होते. “मी कॉफीचे पैसे दिले आणि उठलो.”

“आणि हे तुम्ही कचेरीत सांगितलं नाहीत.”

“मी नाही म्हटलं होतं, निमकर. नाही म्हटलेल्या गोष्टीचीही वर्दी द्यायची असते हे मला माहीत नव्हतं.”

“मृदुलेला फोन केलात?”

आता पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. “केला. त्याचा या कामाशी संबंध नाही.”

“मग कशाशी आहे?”

“ते सांगणं माझ्याकडे नाही.”

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, डावा नि उजवा. “हे पाहा. चौदा पानं. एका शब्दाचा फरक नाही. मी रुजवात घेण्यात हयात घालवली आहे सर, असं होत नसतं. तुम्ही तिला मूळ शब्द दिलेत. आणि ते देण्याचं कारण एकच असू शकतं, की तुमच्या डचमध्ये जे आहे ते या इंग्रजीत नाही.”

ओगलेबाई म्हणाल्या, “निमकर, बेतानं.”

“बोलू द्या त्यांना,” सर म्हणाले. त्यांनी दोन्ही कागद पाहिले. त्यांनाही आश्चर्य वाटलेलं मला दिसलं, पण मी ते नाटक समजलो. “तुम्हाला डच येत नाही.”

“नाही. म्हणून तर मला फसवणं सोपं.”

“मी काय लिहिलंय ते तिथं लिहिलेलं आहे. तुमच्यासाठी ते मी पुन्हा तोंडानं म्हणणार नाही.” त्यांनी खिशातून पेन काढलं, भाषांतराचं शेवटचं पान ओढून घेतलं आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. “ज्या घरात माझ्या शब्दाला तारण लागतं, तिथं माझी सही नको. बाई, मला क्षमा करा.”

ते चपला घालून जिना उतरले. ओगलेबाई माझ्याकडे पाहत होत्या.

“झालं समाधान?” त्या म्हणाल्या. “आता उद्या पाच वाजता कुरिअरच्या हातात काय देऊ? तुमची फूटपट्टी?”

मला वाईट वाटलं नाही, हे मी कबूल करतो. मला वाटलं, एका बाईला आपण वाचवलं. रात्री झोपही चांगली लागली. खाई त्याला खवखवे, सही खोडली म्हणजे खाल्लं असणारच, असं मी बायकोला सांगितलंदेखील.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मृदुला कचेरीत आली. काम संपलं की डच प्रत कचेरीत परत करायची, असाही एक नियम होता. तिनं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि जायला वळली. मी म्हणालो, “थांब. आता सरळच विचारतो. तू मूळ इंग्रजी पाहिलंस का?”

“पाहिलं की,” ती म्हणाली.

ओगलेबाई खुर्चीतून उठल्या. “कुणी दाखवलं तुला?”

“काकांनी.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “तुम्हीच दिलंत ना?”

तिनं पाकिटातला गठ्ठा काढला आणि पालथा घातला. डच मजकूर होता कागदाच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, जरा फिकट पण नीट वाचता येईल असा, मूळ इंग्रजी करार होता. पानं पुढंमागं, पण सगळीच्या सगळी चौदा.

आता हे सांगितलं पाहिजे. आमच्या कचेरीत एका बाजूनं वापरलेला कागद कधी टाकत नसत. एक खोका होता, त्यात असे पाठकोरे कागद जमा व्हायचे आणि मृदुलेला द्यायची डच प्रत मी त्यांवर छापायचो. महिन्याला दोन रीम वाचतात म्हणून मीच ही पद्धत घातली होती आणि त्याबद्दल स्वतःला शहाणा समजत होतो. कराराची पहिली झेरॉक्स फिकट आली होती. ती मी खोक्यात टाकली. आणि आठ दिवसांनी तीच उचलून प्रिंटरमध्ये घातली, मागं काय आहे ते न बघता.

“मागच्या खेपेला पाठीमागे पशुखाद्याचं माहितीपत्रक होतं,” मृदुला म्हणाली. “या वेळी पाहते तर मूळच. मला वाटलं घाई आहे म्हणून या खेपेला पद्धत बदललीत. पाकिटावर तुमच्या अक्षरात माझं नाव होतं. मी कशाला शंका घेऊ?”

“आणि सरांचा फोन?” मी विचारलं.

“माझा घटस्फोट तिकडच्या कोर्टात झालाय. तो निकाल डचमध्ये आहे, इथं कुणी मानत नव्हतं. सर त्याचं मराठी करून देतायत, फुकट. मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. आईला अजून सगळं माहीत नाही.”

मग मी कसाबसा म्हणालो, “‘लेफ्ट द व्हेसल’ला सरांनी काय लिहिलंय? वाच. मागची बाजू न बघता.”

तिनं पान शोधलं. “पळून जायला डचमध्ये स्वच्छ शब्द आहे, शिपाई फौजेतून पळतो त्याला वापरतात तो. तो सरांनी घेतलेला नाही. ज्यातून दोन्ही अर्थ निघतील असाच शब्द ठेवलाय, इंग्रजीसारखाच. आणि खाली तळटीप आहे.”

“कसली तळटीप? माझ्याकडे आलेल्या कागदात तळटीप नाही.”

“मूळ इंग्रजीत नव्हती, म्हणून मी सोडली. मला वाटलं कचेरीसाठीचं टिपण असेल.” ती बोट ठेवून सावकाश वाचू लागली. “‘मूळ इंग्रजी शब्दांवरून हा मनुष्य स्वतःच्या इच्छेनं गेला किंवा कसे, हे कळत नाही. भाषांतरकारानं ते ठरवू नये. करार व अहवाल लिहिणाऱ्यांना स्पष्ट शब्द उपलब्ध होते आणि त्यांनी ते वापरलेले नाहीत, एवढं वाचकाच्या लक्षात असावं.’”

परुळेकरानं कॉफीवर काय मागितलं होतं आणि सरांनी त्याला काय उत्तर दिलं होतं, ते त्या तीन ओळींत होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

“आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात,” ओगलेबाई म्हणाल्या. “आणि पाय तुमचा नाही, त्या हर्णैच्या बाईचा आहे. उठा. शेवटचं पान नवीन छापते. सरांची सही आणा.”

सर कर्वेनगरला राहायचे. रिक्षातून जाताना ते एक पान मी मांडीवर धरून ठेवलं होतं. वर काही ओळी डच, खाली दोन जागा कोऱ्या. एक त्यांच्या सहीची, एक माझ्या. दार सरांनीच उघडलं. आत या म्हणाले नाहीत.

मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. खोका, झेरॉक्स, पाठकोरे कागद. तळटीपही. सर ऐकत होते. मी म्हणालो, “माझं चुकलं, सर. पाया पडून सांगतो. माझ्यासाठी नको, पण त्या बाईंसाठी सही द्या.”

“द्या इकडे,” ते म्हणाले. दाराच्या चौकटीला पान टेकवून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचताना एका ठिकाणी थोडे थांबले, मग सही केली. पेन माझ्या हातात दिलं. “आता तुमची.”

तिथं माझं घोडं अडलं. माझ्या सहीचा अर्थ, रुजवात घेतली आणि बरोबर आढळलं. रुजवात तर झालीच नव्हती. मृदुलेनं मूळ पाहिलेलं, पुन्हा नव्यानं करायला तिसरं माणूस नाही, आणि घड्याळात दोन वाजलेले. मला न येणाऱ्या भाषेतल्या चौदा पानांना मी खरं म्हणायचं होतं, एका माणसाच्या शब्दावर, ज्याला मी आदल्या दिवशी चोर म्हटलं होतं. मी पेन टेकवलं आणि उचललं. एकोणीस वर्षांची खोड. तोंडातून निघूनच गेलं.

“सर, तळटिपेत तेच आहे ना, मृदुलेनं सांगितलं ते?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“निमकर,” ते म्हणाले, “सही करा किंवा करू नका. पण मला पुन्हा काही विचारायला या दारात येऊ नका.”

मी सही केली. आयुष्यातली ती एकच सही मी न ताडता केली. साडेचारला पाकीट कुरिअरवाल्याच्या हातात पडलं.

सर कचेरीत परत आले नाहीत. ओगलेबाईंनी दोनदा जाऊन विनवलं, मृदुला तर दर आठवड्याला त्यांच्याकडे जायची. त्यांनी तिचा निकाल पुरा करून दिला, पण आमचं काम घेतलं नाही. त्यांच्या खुर्चीवर मी फायली ठेवू लागलो, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

सात महिन्यांनी रॉटरडॅमच्या वकिलाचं पत्र आलं. समोरच्या पक्षानं भाषांतरावरच आक्षेप घेतला होता, की ते बाईंच्या बाजूनं झुकलेलं आहे. न्यायाधीशांनी तळटीप पाहिली, शेवटचं पान पाहिलं आणि आक्षेप फेटाळला. मोरेश्वर पावसे पळाला याला आधार नाही, तो त्या दिवशी मरण पावला असं समजावं, असा निकाल झाला.

हर्णैला फोन मीच केला, शेजारच्या दुकानात. सुगंधाबाई धावत आल्या असाव्यात, त्यांना धाप लागली होती. मी निकाल सांगितला.

“म्हणजे गेले,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणालो. असा शब्द मी एरवी उच्चारत नाही.

“बरं झालं असं कसं म्हनू,” त्या म्हणाल्या. “पन पोरीला सांगते.” मग बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. मी फोन ठेवला नाही.

माझ्या डोक्यात मात्र त्या पत्रातला एक शब्द अडकून बसला. शेवटचं पान. तळटीप समजली, पण शेवटच्या पानावर आमच्या सह्यांशिवाय काय होतं? ते पान मृदुलेकडे जात नसे, त्यामुळे ते मला इंग्रजीत कधी दिसलेलंच नव्हतं. सरांनी तिथं काय लिहून ठेवलं होतं, ज्याखाली मी आंधळेपणानं सही केली? मृदुलेला वाचायला सांगता आलं असतं. पण ती त्यांचीच, दुसऱ्याच्या तोंडचं मी खरं कसं धरू? तेव्हा मी सत्तेचाळिसाव्या वर्षी, दर शनिवारी, तिच्याकडेच डच शिकायला जाऊ लागलो. तिला वाटलं मला भाषेची गोडी लागली. दीड वर्ष गेलं. एका शनिवारी कचेरीत कुणी नसताना मी कपाटातून ती प्रत काढली आणि शब्दकोश घेऊन बसलो.

तळटीप मृदुलेनं वाचली होती तशीच होती. मग शेवटचं पान घेतलं. दुपार त्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्वेनगरला गेलो.

सर खूप थकले होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“काही विचारायला आलो नाही,” मी म्हणालो. “मी डच शिकलो, सर. वाचण्यापुरतं.”

“कशासाठी?”

खोटं बोलता आलं असतं. “तुम्ही त्या पानावर काय लिहिलं होतंत, ते खरं होतं का ते पाहायला.”

त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. “दीड-दोन वर्षं लागली असतील. एवढा संशय कुणाला परवडतो?” मग म्हणाले, “वाचलंत?”

मी खिशातून पान काढलं आणि माझ्या वाईट उच्चारात वाचून दाखवलं. सुरुवातीला त्यांचं नाव, शिक्षण, किती वर्षं हे काम करतात ते. मग लिहिलं होतं: ‘या भाषांतराची रुजवात आमचे सहकारी श्री. निमकर घेतात. ते कुणाचीही भीड धरत नाहीत, माझीही नाही, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी या मजकुराची हमी देतो ती त्यांच्या भरवशावर.’ हे त्यांनी मी त्यांना चोर म्हणण्याच्या आधी लिहिलं होतं. आणि नंतर, चौकटीला पान टेकवून, पुन्हा वाचून तसंच राहू दिलं होतं.

“मग?” सरांनी विचारलं. “रुजवातीत काय निघालं?”

“सगळं बरोबर आहे,” मी म्हणालो. “एक वाक्य सोडून.”

“कुठलं?”

“माझ्या नजरेतून काही सुटत नाही, ते.”